रब्बी ज्वारीच्या मुलाखतींसाठी सबटायटल सॉफ्टवेअरची निवड : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

मंगळवेढा परिसरातील रब्बी ज्वारीच्या मुलाखतींचे चित्रीकरण पूर्ण झाले असून आजपासून त्यांना सबटायटल देण्याच्या कामाची आखणी सुरू केली आहे. मालिका दोन रूपांत प्रसिद्ध होणार आहे. संपूर्ण संभाषण पॉडकास्टच्या रूपात ऐकायला मिळेल, तर पेरणी, कोळपणी, काढणी आणि मळणीची प्रत्यक्ष दृश्ये असलेले भाग व्हिडिओच्या रूपात येतील. बोलणारे बहुतेक शेतकरी वयाने ज्येष्ठ आहेत. त्यांची बोली सोलापूरकडची आहे, अधूनमधून कानडी वळणाची आहे, आणि ध्वनिमुद्रण घरात कमी व रानात जास्त झालेले आहे. त्यामुळे बोलण्यामागे वारा आहे, बैलांच्या गळ्यातील घुंगरे आहेत, आणि मळणीच्या दृश्यांत यंत्राची घरघर तर सतत आहे.

सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न अचूकतेचाच विचारला जातो. मला मात्र तो दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. मराठी बोलीचा पहिला मसुदा कोणतेही यंत्र निर्दोष देणार नाही हे गृहीत धरूनच आपल्याला चालावे लागेल, म्हणजे प्रत्येक ओळ माणसाने ऐकून दुरुस्त करणे आलेच. त्या माणसाचा वेळ कुठे जातो, कशाने वाचतो आणि दुरुस्त केलेला मजकूर पुढे कुठेही बिघडू न देता कसा पोहोचवता येतो, याच निकषावर आपण निवड करावी असे मी टीमपुढे मांडले आहे.

५ डिसेंबर २०२४

सबटायटल कोणासाठी, हे आधी लिहून काढले, कारण त्यावर पुढचे जवळपास सगळे ठरते.

एक वर्ग कमी ऐकू येणाऱ्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली होती, आणि वयपरत्वे ज्यांचे ऐकणे मंदावले आहे त्यांतील अनेक जण स्वतःला त्या गणनेत धरतही नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमे दिव्यांगांना उपलब्ध व्हावीत म्हणून ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आमच्यासारख्या छोट्या उपक्रमाकडे त्याचा जाब कोणी मागायला येणार नाही, तरीही ज्या पिढीचे ज्ञान आपण नोंदवत आहोत त्याच पिढीला ते पाहता-समजता येऊ नये, ही गोष्ट मला स्वीकारता येत नाही.

दुसरा वर्ग आवाज बंद ठेवून मोबाइलवर पाहणाऱ्यांचा आहे, आणि तिसरा नुकते वाचू लागलेल्यांचा. भाषा तीच ठेवून पडद्यावर अक्षरे दाखवली की वाचनाचा सराव आपोआप होतो, हा विचार अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून मांडला आणि पुढे दूरदर्शनवरील गाण्यांच्या कार्यक्रमांत तो अमलातही आणला. म्हणून मराठी बोलण्याला मराठीच सबटायटल हे आमचे मुख्य काम राहील. इंग्रजी भाषांतराचा विचार त्यानंतर होईल.

फाइलचे स्वरूपही आजच निश्चित केले. मूळ प्रत एसआरटी या सबटायटल फाइलच्या स्वरूपात, यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनात ठेवायची. हे स्वरूप साध्या मजकुराचे आहे, कोणत्याही संगणकावर उघडते, आणि उद्या निवडलेले सॉफ्टवेअर बंद पडले तरी हातातले काम वाया जात नाही. वेबसाठीचे वेबव्हीटीटी हे स्वरूप हवे असेल तेव्हा ते त्यातूनच काढता येते. दोन्हींतला नेहमी नडणारा फरक इतकाच, की एसआरटीमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविराम येतो, वेबव्हीटीटीमध्ये टिंब येते आणि फाइलच्या सुरुवातीला त्या स्वरूपाचे नाव लिहावे लागते.

९ डिसेंबर २०२४

व्हिडिओ संपादनाची जी दोन सॉफ्टवेअर आमच्याकडे वापरात आहेत त्यांतच हे काम होते का, हे आज पाहिले. प्रीमियर प्रोमध्ये २०२१ पासून बोलण्याचे लेखन करण्याची सोय आहे. तिच्या भाषांच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही. दाविंची रिझॉल्व्हच्या विकत घ्यावयाच्या स्टुडिओ आवृत्तीत २०२३ पासून आपोआप सबटायटल तयार होतात, पण तिथेही मराठी नाही. हिंदी निवडून मराठी आवाज देण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो आम्ही घेणार नाही, कारण तसे केल्यावर क्रियापदे आणि प्रत्यय हिंदीच्या साच्यात बसवलेले मिळतात आणि ते उकलत बसण्यापेक्षा ऐकून स्वतः टंकणे लवकर होते. म्हणजे संपादन जिथे चालते तिथेच चालू राहील आणि सबटायटल बाहेर तयार होऊन आत येतील.

१२ डिसेंबर २०२४

ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले, बोलणे ऐकून ते लिहून काढणारे व्हिस्पर हे मॉडेल आज सविस्तर तपासले. परवाना एमआयटी, म्हणजे मोफत वापराची मुभा देणारा आहे, ते स्वतःच्या संगणकावर चालवता येते, आणि मराठी त्याच्या भाषांमध्ये आहे. त्याच्या मूळ प्रशिक्षणाला ६ लाख ८० हजार तासांचा आवाज वापरला होता. त्यांपैकी इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांच्या वाट्याला मिळून १ लाख १७ हजार तास आले, आणि त्यातही युरोपीय भाषांचे पारडे जड आहे. मराठीचा वाटा नगण्य असल्यामुळे लहान आकाराची मॉडेले मराठीसाठी उपयोगाची नाहीत. लार्ज हे मोठे मॉडेलच घ्यावे लागते. त्याला सुमारे १० जीबी ग्राफिक्स मेमरी लागते. यंदा सप्टेंबरअखेर आलेले टर्बो सुमारे ६ जीबीत चालते आणि वेगानेही चालते, पण भाषांतराच्या कामासाठी ते शिकवलेले नाही. फास्टर-व्हिस्पर ही त्याच मॉडेलची हलकी मांडणी वापरली तर आमच्याकडील साध्या ग्राफिक्स कार्डवरही लार्ज चालते, म्हणून चाचणी तिच्यावरच घेतली.

काही मर्यादा मॉडेलच्या रचनेतूनच येतात, आणि त्या माहीत असल्या की काम सोपे होते. व्हिस्पर आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते. तुकड्यात शांतता किंवा नुसता वारा असेल तर कधीकधी न बोललेले वाक्य लिहून मोकळे होते. अमेरिकेतील संशोधकांनी २०२४ मध्ये इंग्रजी आवाजावर केलेल्या तपासणीत सुमारे १ टक्का तुकड्यांत असा मनचा मजकूर आढळला होता. आमच्या मुलाखतींत बोलणारे ज्येष्ठ शेतकरी, आमचे आजोबा, बोलता बोलता थांबतात, रानाकडे पाहतात आणि मग पुढे बोलतात. ती शांतता आम्हाला कापायची नाही, पण यंत्राला मात्र ती ऐकवायची नाही. त्यासाठी फास्टर-व्हिस्परमधील बोलणे ओळखणारी गाळणी चालू ठेवावी लागते. ती बोलण्याचे भाग तेवढेच पुढे पाठवते आणि टाइमकोड, म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची व शेवटाची वेळ, मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचेच ठेवते.

दुसरी मर्यादा शब्दांच्या यादीची आहे. ऐकण्याआधी मॉडेलला काही शब्द सुचवता येतात, पण त्या सूचनेला २२४ टोकनांची, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे लहान तुकडे पाडते त्यांची, मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचे असल्याने एकेका मराठी शब्दाची बरीच टोकने होतात आणि यादी लवकर भरते. म्हणून सरसकट शब्दकोश न देता भागागणिक वेगळी, नेमकी यादी द्यायची असे ठरवले. पेरणीच्या भागासाठी पाभर, चाडे, नळे, कुळव, वापसा, मालदांडी (ज्वारीचा वाण), आणि मळणीच्या भागासाठी खळे, तिवडा, पात, कडबा, पेंढी, उफणणी.

ही यादी का लागते याचे उदाहरण नोंदवून ठेवतो. आजोबांचे वाक्य असे आहे : “रान वापशावर आलं की पाभर धरायची, एक दीस उशीर झाला तरी वल निघून जाती.” यादी न देता आलेल्या मसुद्यात रान ‘वापस’ आले होते आणि पाभरीच्या जागी ‘पापड’ होता. पाभर म्हणजे पेरणीचे अवजार, आणि वापसा म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, पेरणीला नेमकी जुळलेली असण्याची अवस्था. रब्बी ज्वारीचे पीक मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, म्हणून त्या एका वाक्यात मुलाखतीचे सार आहे. ते चुकले तर सबटायटल वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. यादी दिल्यावर ‘वापशावर’ बरोबर आले.

१६ डिसेंबर २०२४

आयआयटी मद्रासमधील एआय४भारत या गटाने भारतीय भाषांसाठी केलेली इंडिककॉन्फॉर्मर मॉडेले आज चालवून पाहिली. मराठीसाठी त्यांचे स्वतंत्र मॉडेल आहे, ते खुले आहे आणि व्हिस्परच्या मानाने आकाराने पुष्कळ लहान आहे. भारतीय आवाजांवरच शिकवलेले असल्यामुळे प्रत्यय जोडलेले शब्द ते अधिक स्वाभाविकपणे लिहिते. ‘रानातल्यासारखं’ हा शब्द अखंड आला. याउलट हिंदीचा प्रभाव असलेल्या मसुद्यांत ‘शेतकऱ्यां साठी’ अशी फोड वारंवार दिसते. मात्र त्यातून मिळणारा मजकूर विरामचिन्हांवाचून सलग येतो, आणि वाक्य कुठे संपले हे ठरवून ओळी पाडणे हे वेगळे काम उरते. त्याची मांडणी करायलाही थोडी तांत्रिक खटपट लागते, जी टीममधील प्रत्येकाला जमेल असे नाही.

गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवांत मराठी आहे, आणि सर्वम या बंगळुरूच्या कंपनीच्या सेवेतही ती आहे. या सेवांकडे जाण्यात आम्हाला अडचण संमतीची वाटली. शेतकऱ्यांनी मुलाखत प्रसिद्ध करायला संमती दिली आहे. पण न प्रसिद्ध होणारे बोलणे, म्हणजे घरातील वाटण्या, कर्ज, भाऊबंदकी यांचे उल्लेख असलेले कच्चे ध्वनिमुद्रण, बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायला ती संमती पुरेशी आहे असे मला वाटत नाही. कच्चा आवाज आपल्याच संगणकावर राहील, हा नियम त्यामुळे आज पक्का केला. क्लाउडचा विचार झालाच, तर तो संपादित भागापुरता होईल.

१९ डिसेंबर २०२४

मसुद्यांची तुलना कशी करायची यावर आज टीमची बैठक झाली. प्रचलित माप शब्दचुकांचे आहे. चुकीचे, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजून त्यांना एकूण शब्दांनी भागायचे. मराठीत हे माप यंत्रावर अन्याय करते आणि आपलीही दिशाभूल करते. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द तोडून लिहिला तर एकाच्या जागी दोन चुका धरल्या जातात, पण ती दुरुस्ती एका कळीचे काम असते. ‘वापशा’चे ‘वापस’ झाले तर चूक एकच मोजली जाते, पण अर्थ पूर्ण जातो. अक्षरचुकांचे माप थोडे बरे आहे. तरी आम्ही शेवटी मसुदे त्याच माणसाकडून, त्याच तुकड्यावर दुरुस्त करून घेऊन लागणारा वेळच पाहायचा, आणि कृषी-शब्द किती वाचले हे वेगळे नोंदवायचे असे ठरवले.

यातून जे दिसले ते माझ्या अपेक्षेपेक्षाही स्पष्ट होते. दुरुस्ती करणाऱ्याचा बराच वेळ शब्द बदलण्यात गेला नाही. तो गेला ओळ कुठे तोडायची हे ठरवण्यात, टाइमकोड मागेपुढे सरकवण्यात, आणि तोच तुकडा पुन्हा ऐकण्यासाठी कर्सर मागे नेण्यात. म्हणजे मॉडेल कोणते, यापेक्षा दुरुस्तीचा पडदा कसा आहे यावर आमचे श्रम अवलंबून आहेत.

आकड्यांचाही एक नियम करावा लागला. दीड, अडीच, सव्वा, पावणेदोन, साडेतीन ही मापे बोलण्यात पदोपदी येतात. मसुद्यात ती कधी अक्षरी, कधी दशांशात, तर कधी भलत्याच आकड्यात येतात. ‘अडीच पोती’ हे ‘२.५ पोती’ असे लिहिले तर ते आजोबांचे बोलणे राहत नाही. अपूर्णांक अक्षरी लिहायचे. साल, वाणाचा क्रमांक आणि भाव आकड्यांत लिहायचे.

२४ डिसेंबर २०२४

फोनवर चित्रित केलेल्या भागांत सबटायटल सुरुवातीला जुळत होते आणि शेवटाकडे मागे पडत होते. कारण उघड आहे. फोन प्रकाशानुसार फ्रेमचा वेग बदलत राहतो, आणि संपादनात तो स्थिर वेगाचा समजला जातो. कच्च्या चित्रणाचे आधी सेकंदाला २५ फ्रेमच्या स्थिर वेगात रूपांतर करायचे, संपादन पूर्ण करायचे आणि अंतिम व्हिडिओ तयार झाल्यावरच टाइमकोड लावायचे, हा क्रम ठरवला.

३० डिसेंबर २०२४

दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरवर आजचा दिवस दिला.

एजिसब हे जुने आणि भक्कम सॉफ्टवेअर आहे. अक्षरांची सजावट, पडद्यावरील जागा, हलती अक्षरे यांसाठी त्याला तोड नाही. पण आमची गरज साध्या, स्थिर, वाचनीय ओळींची आहे. सबटायटल एडिट हे विंडोजवर चालणारे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर आमच्या कामाला अधिक जवळचे आहे. खाली ध्वनिलहरींचा आलेख, डावीकडे ओळींची यादी, वर व्हिडिओ, आणि ओळ निवडली की तेवढाच आवाज पुन्हा ऐकवण्याची एका कळीची सोय. टाइमकोड आलेखावर माऊसने ओढून लावता येतो. व्हिस्परच्या अनेक मांडण्या, फास्टर-व्हिस्परसह, त्याच्या आतूनच चालवता येतात, म्हणून मसुदा काढणारा आणि दुरुस्त करणारा यांना दोन वेगळी सॉफ्टवेअर शिकावी लागत नाहीत. वारंवार येणाऱ्या चुका एकदम बदलण्यासाठी त्यात शोध-बदलाच्या याद्या साठवता येतात, आणि ही सोय आमच्यासाठी सोन्यासारखी आहे.

तिचा पहिला उपयोग ‘ऱ्य’साठी केला. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आमच्या प्रत्येक भागात शेकड्याने येतो, आणि त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार नुक्तायुक्त ऱ आणि हलन्ताचा, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो, आणि काही उपकरणांवर दुसऱ्या प्रकारातले न दिसणारे चिन्ह गळून ‘शेतकर्यांना’ असे चुकीचे रूप उमटते. सर्व फाइलींत पहिलाच प्रकार ठेवायचा.

वाचनाच्या वेगाची मोजणी हा यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निघाला. बहुतेक सबटायटल सॉफ्टवेअर प्रतिसेकंद अक्षरे मोजते आणि मर्यादा ओलांडली की ओळ लाल करते. नेटफ्लिक्ससारख्या सेवांच्या मार्गदर्शिकांत एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एक सबटायटल कमीत कमी पाच-षष्ठांश सेकंद आणि जास्तीत जास्त ७ सेकंद, असे दंडक आहेत. हे आम्ही जसेच्या तसे घेतले. पण अक्षरसंख्येचा दंडक देवनागरीला तसाच लावता येत नाही, कारण मोजणी युनिकोडच्या चिन्हांची होते. ‘क्षेत्र’ हा वाचायला दोन अक्षरांचा शब्द मोजणीत ७ चिन्हांचा ठरतो. जोडाक्षरे जास्त असलेली ओळ विनाकारण लाल होते, आणि तिला सोडवण्याच्या नादात बोलणाऱ्याचे शब्द कापले जातात. यासाठी मर्यादा थोडी सैल ठेवली आणि अंतिम निर्णय मोठ्याने वाचून घ्यायचा असे ठरवले. बोलणाऱ्याच्या चालीत ओळ एकदा मनाशी वाचून होत असेल, तर ती ठेवायची.

६ जानेवारी २०२५

बोली ठेवायची की प्रमाण मराठी करायची, यावर आज बराच ऊहापोह झाला. एका सहकाऱ्याचे मत होते, की कमी ऐकू येणाऱ्याला आणि नवसाक्षराला प्रमाण रूप ओळखीचे असते, म्हणून ‘वल’च्या जागी ‘ओल’ लिहावे. त्यात तथ्य आहे. पण ज्याला थोडेसे ऐकू येते तो ओठ पाहत असतो, कानावर पडलेल्या अर्ध्यामुर्ध्या आवाजाला अक्षरांचा आधार घेत असतो. अक्षरे वेगळी आणि ओठ वेगळे असले, तर त्याचा आधारच सुटतो. शिवाय हे बोलणे ज्यांचे आहे, त्यांच्या तोंडचा शब्द सुधारून दाखवण्याचा अधिकार आम्हाला नाही. शब्द बोलीतलाच राहील असे ठरले. उच्चाराच्या छटा मात्र प्रत्येक ठिकाणी नव्या पद्धतीने लिहायच्या नाहीत. एका रूपाचे एकच लेखन शब्दयादीत ठरवून तेच सर्वत्र वापरायचे.

‘केलं, आलं, असं’ यांवरील अनुस्वाराला मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत आधार आहे. बोलणे जसेच्या तसे लिहिताना तो द्यायचा आणि एरवीच्या लेखनात एकारान्त रूप ठेवायचे. त्यामुळे मुलाखतीत अनुस्वार आणि निवेदनात एकारान्त रूप, हा भेद सबटायटलमध्येही पाळायचा. यंत्राचे मसुदे दोन्ही रूपे मिसळून देतात, म्हणून दुरुस्तीच्या यादीत ही बाब वेगळी तपासायची.

ध्वनींच्या सूचनाही आज ठरल्या. कंसात, थोडक्यात, आणि अर्थाला उपयोगी असेल तेवढेच : [घुंगरांचा आवाज], [मळणी यंत्र सुरू होते], [हसतात]. वारा प्रत्येक दृश्यात आहे, तो लिहायचा नाही. उफणणीच्या दृश्यात मात्र आजोबा वाऱ्याची वाट पाहत टोपली उंच धरून उभे आहेत. तिथे [वारा सुटतो] हे लिहिल्याशिवाय ऐकू न येणाऱ्याला ते अचानक धान्य का सोडू लागले हे कळणार नाही.

१० जानेवारी २०२५

फॉन्ट आणि अक्षरे चित्रातच पक्की बसवणे. व्हॉट्सॲपवर पाठवल्या जाणाऱ्या लहान तुकड्यांना वेगळी सबटायटल फाइल जोडता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरती अक्षरे चित्रात बसवावी लागतील. बाकी सर्वत्र ती चालू-बंद करता येण्याजोगी राहतील, कारण मोठी अक्षरे हवी असणाऱ्याला ती मोठी करता आली पाहिजेत.

देवनागरी नीट जुळवून दाखवणे हे प्रत्येक सॉफ्टवेअरला जमत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेलेली आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे उघडी पडलेली, असे व्हिडिओ आजही सर्रास दिसतात. एफएफएमपेग हे मोफत साधन लिबास या घटकाच्या मदतीने अक्षरे बसवते, आणि लिबास जोडाक्षरांची जुळणी हार्फबझकडून करून घेते. त्यामुळे तेथील निकाल भरवशाचा आहे. ‘पाऱ्यासारखं’, ‘कर्त्या’, ‘हिश्श्याची’, ‘द्व्यर्थी’ अशा अवघड जोडाक्षरांची एक चाचणी-ओळ तयार केली आहे. नवीन संगणकावर काम सुरू करण्यापूर्वी ती ओळ चित्रात बसवून पाहायची.

ल आणि श यांच्या आकाराचाही निर्णय झाला. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श स्वीकारले आहेत. अनेक फॉन्टांत हे आकार असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळले तरच ते दिसतात, आणि सबटायटलच्या बाबतीत ते बहुधा कळत नाही. त्यामुळे मूळ आकारच मराठी वळणाचे असलेला फॉन्ट निवडला. मात्रा आणि रफार वरच्या ओळीच्या उकारांना भिडू नयेत, एवढे अंतर दोन ओळींत ठेवले. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी दिली आहे, कारण पिकलेल्या ज्वारीच्या फिकट रंगावर पांढरी अक्षरे हरवतात.

१५ जानेवारी २०२५

गावातील एका निवृत्त शिक्षकांना, ज्यांना अलीकडे कमी ऐकू येते, पेरणीचा भाग दाखवला. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी संपूर्ण भाग न थांबता पाहिला आणि मग म्हणाले, “वाचून होतंय सगळं, पण वाचण्यात माणसाच्या तोंडाकडं बघायला सवड राहत नाही. पाभर चालते तेव्हा त्याचे हात बघायचेत मला.”

या एका वाक्याने आमच्या ओळींची मांडणी बदलली. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने प्रत्येक ओळ मर्यादेत होती, एकही लाल नव्हती. तरीही ओळी एकामागून एक सलग येत असल्यामुळे डोळ्याला उसंत नव्हती. आता जिथे हातांचे काम महत्त्वाचे आहे, उदाहरणार्थ चाड्यात बी सोडणारी मूठ, तिथे सबटायटल बोलण्याच्या नैसर्गिक विरामाला संपवायचे, पुढचे जोडून आणायचे नाही, आणि निवेदनाचा आवाज संपादनातच तिथून काढून पुढे न्यायचा. दोन ओळींऐवजी एका ओळीत मावेल तिथे एकच ठेवायची. ओळ तोडताना विशेषण आणि नाम, किंवा ‘पेरायला’ आणि ‘लागतो’ यांसारखी जोडी फोडायची नाही. हे काम कोणतेही यंत्र करून देत नाही. सबटायटल एडिटमध्ये ओळ फोडणे आणि जोडणे एका कळीवर आहे, एवढाच त्याचा आधार, पण तो पुरेसा आहे.

गुरुजींनी दोन शब्दांचे अर्थही सुधारून दिले आणि ‘तिवडा’ म्हणजे खळ्याच्या मधला खांब हे नव्या पिढीला कळणार नाही असे सांगितले. सबटायटलमध्ये अर्थ घुसवायचा नाही, पण त्या दृश्यात खांब दिसेल असे चित्र निवडायचे ठरले.

२० जानेवारी २०२५

पॉडकास्टची बाजू थोडक्यात. ॲपल पॉडकास्टने मार्च २०२४ मध्ये आपोआप लिखित संहिता दाखवायला सुरुवात केली ती इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन या भाषांत. मराठीसाठी तिची वाट पाहण्याची गरज नाही, कारण निर्मात्याला स्वतःची एसआरटी किंवा वेबव्हीटीटी फाइल आरएसएस फीडमधून, म्हणजे पॉडकास्टचे भाग ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या यादीतून, जोडता येते. आमच्या होस्टिंग सेवेत ही सोय आहे याची खात्री करून घेतली. ऐकण्याच्या भागाच्या फाइलमध्ये बोलणाऱ्याचे नाव प्रत्येक वेळी, आवाज बदलताच द्यायचे, कारण तिथे चेहरा दिसत नाही. याच फाइलीतून टाइमकोड काढून टाकला की वाचनासाठी सलग मजकूर मिळतो, आणि तो भागाच्या वर्णनाखाली द्यायचा. कोणीतरी ‘मालदांडी’ शोधले तर मुलाखतीपर्यंत पोहोचावे, हा त्यामागील हेतू आहे. आवाजाच्या फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही.

२४ जानेवारी २०२५

निवड आज अंतिम केली. मसुद्यासाठी फास्टर-व्हिस्परवर लार्ज मॉडेल, आपल्याच संगणकावर, भागागणिक शब्दयादीसह. ज्या तुकड्यांत बोली गडद आहे आणि मसुदा फारच विस्कटतो, तिथे इंडिककॉन्फॉर्मरचा दुसरा मसुदा शेजारी ठेवायचा. दोन मसुदे जिथे वेगळे पडतात तिथेच कान देऊन ऐकायचे, याने दुरुस्ती लवकर होते हे दिसले आहे. दुरुस्ती, ओळी आणि टाइमकोड सबटायटल एडिटमध्ये. अक्षरे चित्रात बसवायची असतील तेव्हा एफएफएमपेग. या साऱ्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत. मळणीच्या घरघरीतला एक तुकडा दोन्ही मॉडेलांना समजला नाही. तो ज्यांचा आवाज आहे त्यांच्याच मुलाला ऐकवून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे हाताने लिहून घेतला.

जे पैसे वाचले ते दुरुस्ती करणाऱ्यांच्या मानधनात घालावेत, असा ठराव मी मांडला आणि तो मान्य झाला. दुरुस्तीचे काम मंगळवेढा भागातलीच दोन तरुण माणसे करतील. त्यांना सॉफ्टवेअर नवीन आहे, बोली नाही. पहिली फेरी त्यांची, दुसरी फेरी मूळ आवाज बंद ठेवून फक्त वाचणाऱ्याची, आणि शेवटची शब्दयादी समोर ठेवून माझी. शब्दयादी एका साध्या तक्त्यात ठेवली आहे. शब्द, ठरलेले लेखन, अर्थ आणि तो कोणत्या भागात कोणत्या मिनिटाला आला हे त्यात आहे. नवा शब्द आला की तो आधी तक्त्यात जाईल, मग सबटायटलमध्ये.

मूळ एसआरटी फाइली, तक्ता आणि चाचणी-ओळ यांच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत. यंदाची काढणी सुरू होण्यापूर्वी पेरणीचा आणि कोळपणीचा भाग प्रसिद्ध करायचा असल्यामुळे सोमवारी या दोन भागांच्या दुरुस्तीला सुरुवात होईल.